जानेवारीत नको, मे महिन्यात या

दिवाळी अंकात मी आमच्या मेक्सिकोतल्या गावाबद्दल लिहिलं तेव्हा वाटलं होतं, चार ओळखीचे फोन करतील आणि विषय संपेल. संपादकांनी पत्रांची पिशवीच पाठवली. ज्यांनी नुसतं 'छान' म्हटलंय त्यांना नमस्कार. प्रश्नांमधले सात निवडलेत. आधी एक खुलासा: गावाचं नाव 'अजिजिक' नव्हे. स्पेलिंगमधल्या दोन्ही 'जे'चा उच्चार स्पॅनिशमध्ये 'ह' होतो, म्हणून आहिहिक. हालिस्को राज्य, चपाला तळ्याचा उत्तर काठ, ग्वादालाहारा शहरापासून पन्नासएक किलोमीटर. वस्ती दहा-अकरा हजार. २०१६ पासून त्यातली एक मी.

प्रश्न : आम्ही दोघं ह्यूस्टनजवळ शुगरलँडला राहतो. जानेवारीत दोन आठवडे आहिहिकला राहिलो आणि गाव फार आवडलं. तळ्याकाठी एक घर विक्रीला आहे. दलाल म्हणतो, आठवड्यात टोकन द्या, नाहीतर जाईल. देऊ का?

नका देऊ. जाऊ दे जात असेल तर.

जानेवारीतलं आहिहिक म्हणजे बघायच्या कार्यक्रमातले कांदेपोहे. एरवी त्या घरात रोज असे पोहे होत नाहीत. तुम्ही आलात तेव्हा कॅनडा आणि अमेरिकेतले थंडीला कंटाळलेले लोक गावभर होते, प्रत्येक हॉटेलात गाणं होतं, भाजीवालीसुद्धा इंग्रजीत भाव सांगत होती. एप्रिल सरला की ही मंडळी उठून जातात. मग मे येतो. मागचा डोंगर करपून तपकिरी होतो, कुठेतरी वणवा लागलेला असतो, पारा तेहतीस-चौतीसला टेकतो आणि बहुतेक घरांत एसी नसतो. भाजीवालीचं इंग्रजीही कॅनडाला गेलेलं असतं. तेव्हा कळतं आपण कुठे राहतोय ते.

मला स्वतःला मे आवडतो, पण मी नाशिकची. नाशिक आणि आहिहिक दोन्ही साधारण वीस अक्षांशावर. ऊन कुठल्या महिन्यात कुठल्या खिडकीतून येणार हे मला कुणी सांगावं लागलं नाही. फरक उंचीचा. हे गाव दीड हजार मीटरवर, महाबळेश्वरापेक्षाही थोडं वर. मे महिन्यात गुलमोहर फुलतो, त्याला इथे ताबाचीन म्हणतात. (मूळचा तो मादागास्करचा, म्हणजे तिकडेही पाहुणा आणि इकडेही.) आणि एक किडा ओरडायला लागतो, कर्कश, दिवसभर. गोरे लोक त्याला पाऊसपक्षी म्हणतात. आपला पावश्या निदान पक्षी तरी आहे, हा नुसता रातकिड्याचा चुलतभाऊ. तो ओरडायला लागला की सहा आठवड्यांनी पाऊस, असा गावातला हिशेब. जूनच्या मध्याला मृगासारखा येतोच, बहुतेक रात्रीचा. सकाळी सगळं धुतलेलं.

आता घराचं. आम्हीही २०१६च्या जानेवारीत असंच एक घर पसंत केलं होतं. ह्यांनी चेकबुक काढलं होतं. आम्ही भाड्यानं होतो त्या घरासमोर एक म्हातारी राहते. सगळे तिला दोन्या म्हणतात, म्हणजे आपल्याकडे 'काकू' किंवा 'बाई' म्हणावं तसं. तिला ह्यांनी मोठ्या उत्साहानं घराचा फोटो दाखवला. तिनं फोटोतल्या दगडी रस्त्यावर बोट ठेवलं, मग मागच्या डोंगरावर ठेवलं आणि म्हणाली, "आग्वा." पाणी. आमचं स्पॅनिश तेव्हा तेवढंच होतं, पण तेवढंच पुरलं. जुलैत त्या रस्त्यावरून डोंगराचा ओहोळ धावत होता आणि त्या घराच्या उंबऱ्यावर गुडघाभर गढूळ पाणी होतं. दलालानं रस्ता उन्हाळ्यात कोरडा असतो, एवढंच सांगितलं होतं. खोटं बोलला असं म्हणता येणार नाही.

म्हणून सांगते, पूर्ण एक वर्ष भाड्यानं राहा. जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, पंप, प्यायला वीस लिटरचा बुधला, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला नवीन नाही. शुगरलँडमध्ये तुम्ही विसरला असाल. एवढं करूनही विकत घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी बघा. किनाऱ्यापासून पन्नास आणि सरहद्दीपासून शंभर किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला जमिनीची थेट मालकी मिळत नाही, बँकेचा ट्रस्ट करावा लागतो. चपाला समुद्रापासून लांब आहे, त्यामुळे इथे घर तुमच्या नावावर होतं. दुसरं, जमीन 'एहीदो'ची नाही ना? क्रांतीनंतर गावकऱ्यांना सामायिक दिलेली ही जमीन. आपल्या वर्ग दोनच्या आणि इनामाच्या जमिनींसारखंच तिचं दुखणं: कागद दाखवतात, शिक्के दाखवतात, मालकी मात्र तुमच्याकडे येत नाही. तिसरं, तळं मागे सरतं तेव्हा उघडी पडणारी पट्टी केंद्र सरकारची असते. 'थेट तळ्यापर्यंत बाग' असं कुणी म्हणालं तर बागेतला कुठला पेरू तुमचा आणि कुठला सरकारचा, ते मोजून घ्या. व्यवहार 'नोतारियो'समोर होतो. कोर्टाबाहेर छत्रीखाली बसलेला आपला नोटरी डोळ्यांसमोर आणू नका. हा सरकारनं नेमलेला बडा वकील असतो, कागद खरे की खोटे हे तोच तपासतो. दलालाच्या ओळखीचा नको, तुम्ही निवडलेला घ्या.

प्रश्न : आमचे पासपोर्ट भारतीय आहेत, मुलगी शिकागोला असल्यानं अमेरिकेचा व्हिसा आहे. पेन्शन रुपयांत. ठाण्याचं घर बंद करून तिकडे कायमचं राहता येईल का?

फिरायला येऊ शकता. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. जास्तीत जास्त १८० दिवस राहता येतं, पण किती द्यायचे ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, म्हणून शिक्का तिथेच वाचा. माझ्या एका मैत्रिणीनं तो घरी येऊन वाचला, तीसच दिवस होते.

राहायचं असेल तर सुरुवात मेक्सिकोबाहेरच्या त्यांच्या वकिलातीतून करावी लागते. फिरायला येऊन इथेच कागद बदलून घेऊ, हे सहसा जमत नाही. व्हिसा मिळाल्यावर इथे उतरल्यापासून तीस दिवसांत ओळखपत्रासाठी अर्ज करायचा. पहिलं वर्षाचं, मग नूतनीकरण करत एकूण चार वर्षं, त्यानंतर कायमचं. अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे. ती दरवर्षी वाढते, आणि गेल्या काही वर्षांत मेक्सिकोनं किमान वेतन भराभर वाढवल्यानं उडीच मारून वाढलीय. रुपयांतल्या पेन्शनला ती झेपेल असं मला वाटत नाही. दर हिवाळ्यात शिकागोहून दोन-तीन महिने येऊन जा, ठाण्याचं घर राहू द्या. विवाहाच्या दाखल्यावर मात्र आत्ताच मंत्रालय आणि परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का, करून ठेवा. कधी ना कधी कुठल्यातरी देशात लागतोच.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. तिकडे उपाशी मरू का? निदान भाज्या काय मिळतात ते सांगा. — एक वाचक, सांगली

काय मिळत नाही ते विचारा, यादी लहान होईल: तूरडाळ, हिंग, पोहे, गोडा मसाला. हे ह्यूस्टनहून येतं.

बाकी बुधवारी सकाळी इथे रस्त्यावर आठवडी बाजार भरतो, त्याला त्यांगीस म्हणतात. पहिल्याच बुधवारी मी एका बाईच्या गोणपाटापुढे उभी राहिले आणि हलेना. घोळ होती. घोळीची जुडी, मातीसकट. नाव वेर्दोलागास, बाकी पान तेच, आंबटपणा तोच. ह्यूस्टनमध्ये तीस वर्षांत ती मला अंगणातल्या फरशीच्या फटीत उगवलेलीच दिसली होती, आणि तिथले लोक औषध फवारून मारत होते. पुढच्या टोपलीत राजगिऱ्याच्या वड्या. त्यांचं नाव अलेग्रिया, अर्थ आनंद. त्याच्या पुढे शेंगदाण्याची चिक्की. शंकूच्या आकाराचा गूळ. चिंच. सरबतासाठी लाल अंबाडीची सुकवलेली बोंडं.

हे सगळंच आपल्याकडून तिकडे गेलेलं नाही, आपल्या ताटातलं बरंचसं तिकडून आपल्याकडे आलंय. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, चिकू, सीताफळ, बटाटा, रताळं, शेंगदाणे, राजगिरा, सगळं अमेरिका खंडातलं. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोही. आषाढी एकादशीच्या ताटातून अमेरिका वजा केली तर वरी, दूध आणि खजूर उरतील. आंबा मात्र फिलिपाइन्सहून जहाजांनी इकडे आला, म्हणून इथल्या एका जातीचं नाव अजून मानिला. हापूस नाही, पण रुसून बसण्यासारखाही नाही.

मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळतात. पानाला लावतो तोच चुना. त्याचं ओलं पीठ तोर्तिया, म्हणजे इथली मक्याची पोळी, करणाऱ्या दुकानात किलोवर मिळतं. मी त्यात कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मूठभर बेसन घालून थालीपीठ लावते. दोन्याला वाटलं मी तोर्तिया बिघडवली. मध्ये भोक पाडून तेल सोडताना बघून तर तिनं क्रूसाची खूण केली. आता महिन्यातून एकदा स्वतःच विचारते, ती भोकवाली कधी?

सावध कुठे राहायचं ते सांगते. घोटलेला राजमा बघून उडी मारू नका, त्यात बहुतेक वेळा डुकराची चरबी असते. लाल भात कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. 'सिन कार्ने', म्हणजे मांस नको, म्हटलं की कोंबडी आणून ठेवतात, कारण कार्ने म्हणजे गुरा-डुकराचं. कोंबडी त्यांच्या हिशेबात त्यात बसत नाही. तीन गोष्टी पाठ करा: सिन कार्ने, सिन पोयो (कोंबडी नको), सिन मान्तेका (चरबी नको). तरीही विचारत राहा. (मासे खाणाऱ्यांसाठी: चपालाच्या बंधाऱ्यावर चराल नावाचे बोटाएवढे मासे तळून लिंबू-तिखट लावून देतात. माझ्या मालवणी विहीणबाई तिथून उठायला तयार नव्हत्या.)

प्रश्न : पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, सोलापूरला असतो. चपाला तळं आटत चाललंय असं वाचलं. खरं काय?

साहेब, उजनीच्या माणसाला चपाला समजवायला मी कोण? तरी सांगते.

मेक्सिकोतलं हे सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं तळं. लांबी ऐंशीएक किलोमीटर, पण सरासरी खोली चार-पाच मीटर. तळं कसलं, परात आहे. पाऊस चांगला झाला की चटकन भरल्यासारखी दिसते, दोन वर्षं ओढ दिली की काठ कुठल्या कुठे जातो. पाणी आणते लेर्मा नदी, तोलुकाजवळ उगम पावून, पाच राज्यांतून. वाटेत शेती आणि कारखाने तिला पीत येतात. कृष्णेच्या पाण्यावरून तीन-चार राज्यं जशी भांडतात तसंच. आणि दुसरीकडे ग्वादालाहारा. त्या महानगराचं निम्म्याहून जास्त पाणी इथून जातं. १९५५ आणि २००२ साली पाणी इतकं हटलं की जुने लोक त्या दोन सालांवरून वयं मोजतात. मी स्वतः २०२४च्या उन्हाळ्यात धक्क्याच्या पायऱ्यांवरून उतरून पाण्यापर्यंत बरीच चालले, चपला हातात न घेता.

जलपर्णीही आहे, लिरिओ म्हणतात. वारा ज्या दिशेचा त्या काठाला एका रात्रीत हिरवी सतरंजी. आणि भिगवणला रोहित येतात तसे इथे पांढरे झोळीवाले (पेलिकन) येतात, थेट कॅनडाकडून, ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत. मिचोआकान राज्याच्या बाजूला पेतातान गाव आहे, तिथले कोळी मासे साफ करून उरलेलं पाण्यात टाकतात आणि शेकडो पक्षी काठावर पंगतीला बसल्यासारखे बसतात. तुम्ही आलात तर पहिल्यांदा तिकडेच नेईन.

प्रश्न : मी न्यू जर्सीहून लिहितेय. तिथे आठवडाभर रात्रंदिवस फटाके उडवतात म्हणे. झोप लागत नसेल तर निवृत्तीचा उपयोग काय? आणि गुन्हेगारीचं काय?

आठवडा नाही, नऊ दिवस. २२ ते ३० नोव्हेंबर, गावदेव सान आंद्रेसचा उत्सव. कोहेते म्हणजे काठीवरचे बाण, ते पहाटेपासून सुटतात. रोषणाई नाही, फुलं नाहीत, नुसता आवाज. देवाला ऐकू जावा म्हणून असावा. दरवर्षी एखादा नवा गोरा निषेधाचं पत्र लिहितो. मला त्याचं हसू येतं आणि कानात कापूसही घालावा लागतो. नाशिकला आमच्या आळीत गणपतीचे ढोल सुरू झाले की माझे वडील खिडक्या लावून घ्यायचे आणि वर्गणी सगळ्यांत जास्त द्यायचे. मी तेच करते.

गुन्ह्यांबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. गावात मी रात्री साडेआठला एकटी चालत घरी येते, हे खरं. हालिस्को हे देशात सर्वाधिक बेपत्ता माणसं असलेल्या राज्यांपैकी एक आहे, हेही खरं. ग्वादालाहारात एक मोठा चौक आहे. बेपत्ता मुलामुलींच्या आया तिथे फोटो चिकटवत गेल्या, इतके की चौकाचं नावच लोकांनी बदललं. आता तो 'बेपत्तांचा चौक'. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका मुलाच्या फोटोखाली लिहिलं होतं, पायात निळे बूट होते. ही टोळ्यांची दहशत बहुतेक आम्हा म्हाताऱ्या परदेशी लोकांच्या अंगाला लागत नाही, ती शेजारणीच्या घराला लागते. 'आहिहिक अगदी सुरक्षित आहे' असं कुणी म्हणालं की मी विचारते, कुणासाठी?

प्रश्न : मी मुंबईत समाजशास्त्र शिकते. तुमच्यासारख्या लोकांमुळे तिथल्या माणसांना गाव परवडत नाही, असं तुम्हाला वाटत नाही का?

वाटतं. दोन्याच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा तिला गावात दोन खोल्या मिळाल्या नाहीत, कारण त्या खोल्यांवर आता 'तळ्याचं दृश्य' अशी पाटी आहे आणि भाडं डॉलरमध्ये. ती हॉकोतेपेकच्या बाजूला गेली, रोज बसनं येते, त्याच खोल्या झाडायला. २०२० साली सरकारनं गावाला 'पुएब्लो माहिको', म्हणजे जादूचं गाव, असा दर्जा दिला. जादू अशी की गावातलीच माणसं गायब झाली. आसगावच्या एखाद्या गोंयकाराला हे वाचून नवं काही कळणार नाही.

परदेशी माणसं इथे आजची नाहीत. नील जेम्स नावाची अमेरिकन प्रवासलेखिका १९४०च्या दशकात आली आणि इथलीच झाली. तिनं गावातल्या मुलांसाठी वाचनालय आणि चित्रकलेचे वर्ग सुरू केले. तिचं घर आणि बाग तिनं लेक चपाला सोसायटीला दिली, ही परदेशी लोकांची १९५५ची संस्था, आणि मुलांचे चित्रांचे वर्ग तिथे अजून चालतात. मी मंगळवारी तिथे पुस्तकं लावते. त्यानं भाडं कमी होत नाही, हे मला माहीत आहे. भाडं पेसोत आणि करार लेखी, गावातल्या बाईला द्यायचा पगार रजा-विम्यासकट, आणि स्पॅनिश. एवढंच माझ्या हातात आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून ते अपुरं आहे.

प्रश्न : मी डॅलसला, एकसष्ट वर्षांची. यजमान हृदयरोगी आहेत आणि त्यांना आहिहिकला यायचंच आहे. भीती एकच: परक्या गावात त्यांचं काही झालं तर मी एकटी काय करणार? तुमच्या लेखात 'हे' होते, मग एकदम नव्हते. विचारावं की नाही कळेना.

विचारलंत ते बरं केलंत. हे फेब्रुवारी २०१९ मध्ये गेले.

कामाचं आधी. अमेरिकेचं मेडिकेअर, म्हणजे तिथला म्हाताऱ्यांचा सरकारी विमा, इथे चालत नाही. मेक्सिकोच्या सरकारी विम्यात पैसे भरून जाता येतं, पण आधीपासूनचे बरेच आजार ते घेत नाहीत, आणि तुमच्या यजमानांचं हृदय त्यातच येईल. म्हणजे खासगी इस्पितळ, ग्वादालाहारात, वाहतूक नसेल तर तासभर. रात्री गाडी कोण चालवणार, हे घर बघायच्या आधी ठरवा. आमच्यासाठी दोन्याच्या मुलानं चालवली, अनवाणी, कारण चपला शोधायला वेळ नव्हता. इस्पितळाच्या दारात आधी कार्ड स्वाइप करा म्हणाले. त्याचा राग मी आता सोडलाय. तुम्ही मात्र पुरेशी शिल्लक असलेलं कार्ड उशाशी ठेवा.

आणि दुसरं, जे मला कुणीच सांगितलं नव्हतं. नोंदणी कचेरीत सकाळी साडेनऊला मी मृत्यूच्या दाखल्यासाठी बसले होते. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांचं, एक आईचं. बाई लग्नानंतरही नाव बदलत नाही. समोरच्या मुलीनं आमचे दोन्ही पासपोर्ट उघडले. ह्यांचं नाव माझ्या नावाच्या मध्यभागी, आणि आडनाव एकच. तिनं अगदी हळू विचारलं, "तुम्ही भाऊ-बहीण का?" मी नाही म्हटलं. मग तिनं पेन टेकवलं आणि विचारलं, त्यांच्या आईचं आडनाव? मी आमचंच सांगितलं. ती म्हणाली, हे त्यांच्या नवऱ्याचं, त्यांचं स्वतःचं?

मला माहीत नव्हतं. सासूबाईंच्या हाताखाली मी नाशिकला चार वर्षं नांदले, त्यांचं पथ्यपाणी केलं, त्यांच्या हातची चकली अजून जिभेवर आहे. लग्नात त्यांचं नावही बदललेलं होतं. त्या मूळच्या कोण हे मला कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. तिथूनच नणंदेला फोन लावला, नाशिकला रात्रीचे नऊ वाजले होते. तिलाही आठवेना. तिनं मामेभावाला उठवलं. वीस मिनिटं ती मुलगी पेन हातात धरून थांबली, मागच्या रांगेतलं कुणी काही बोललं नाही. शेवटी एका चौकोनात ते आडनाव लिहिलं गेलं. सासूबाई गेल्यानंतर एकोणतीस वर्षांनी, अर्ध्या पृथ्वीपलीकडे, स्पॅनिश कागदावर त्या पहिल्यांदा त्यांच्या माहेरच्या नावानं आल्या.

म्हणून आजच दोघांच्या आईवडिलांची पूर्ण नावं, आईचं माहेरचं नाव-आडनाव, जन्मगाव असं लिहून फ्रिजला चिकटवा. लग्नाचा दाखला अपोस्टिल करून स्पॅनिश भाषांतरासह तयार ठेवा. अंत्यसंस्काराची काळजी नको, ग्वादालाहारात दहन होतं. अस्थी पुतण्यानं रामकुंडावर नेल्या.

मी परत का गेले नाही, असं मुलगा अजून विचारतो. ह्यूस्टनला त्याच्या घरी माझी खोली आहे, बाहेर पडायला गाडी लागते. इथे मला दार उघडलं की माणूस दिसतो. पण तुम्हाला हे असंच वाटेल असं नाही, म्हणून मे महिन्यात या, यजमानांना घेऊन, आणि त्या महिन्यात तुम्हाला हाक मारायला कोण उरतं ते मोजा.

हे गेले त्याच वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी दोन्या झेंडूची दोन पोती घेऊन आली. मृतांचे दिवस जवळ आले होते, इथे एक आणि दोन नोव्हेंबरला घरोघरी गेलेल्या माणसांसाठी मांडणी करतात, फोटो, दिवे, त्यांच्या आवडीचं खाणं. आपला पितृपक्ष, फक्त कावळ्याऐवजी तो माणूस स्वतः येतो. झेंडू मूळचा याच मातीतला, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी त्याला दसऱ्याचा समजत होते. आम्ही दोघी ओसरीवर बसलो. मी सवयीनं सुई-दोरा घेतला आणि तोरण ओवायला लागले. ती फुलं कुस्करून पाकळ्या सुट्या करत होती, दारापासून फोटोपर्यंत वाट घालायला. बराच वेळ तिनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "सगळी वर टांगलीस तर तो चालणार कशावरून?"

मी गाठ सोडली आणि अर्धी फुलं तिच्याकडे सरकवली.